डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमधली चूक कळवताना

‘हे पान नीट समजत नाही’ एवढंच लिहिलं तर लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. आधी ‘सिलेक्ट व्हर्जन()’ चालवून आपली आवृत्ती बघा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेस प्रणालींत ही क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालते. मग पानावरची आवृत्ती तीच आहे ना ते तपासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये साध्या युजरला पब्लिक स्कीमात, म्हणजे टेबलं ठेवायच्या सामाईक कप्प्यात, टेबल बनवता येत नाही. १४ चं पान उघडून १५ वर काम केलंत की परमिशनची एरर येणारच. त्यात पानाची चूक नाही.

चूक खरीच असेल तर पानाचा पत्ता, उपशीर्षक आणि ते वाक्य जसंच्या तसं द्या. सोबत दोन-तीन ओळींचं टेबल, चालवलेली क्वेरी, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष आलेला निकाल. एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करा. चित्रातली क्वेरी कुणी पुन्हा टाइप करत बसत नाही. खरे टेबल-नाव, पासवर्ड, ग्राहकांचा डेटा मात्र काढून टाका.

जमलं तर बदली वाक्यही सुचवा, ओबडधोबड असलं तरी चालेल. एका अहवालात एकच चूक. पाच एकत्र कोंबल्या तर एक दुरुस्त होऊन अहवाल बंद होतो.