वीज कडाडली की कुत्रा थरथरतो? या चुका टाळा

मे सरत आला की खानदेशात वावधनाचे, म्हणजे वादळवाऱ्याचे, दिवस सुरू होतात. दिवसभर तापलेलं आभाळ संध्याकाळी काळं पडतं, वारा सुटतो, रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "कुत्रा पलंगाखालून निघत नाही." "दार खरवडून टाकलं." "रात्री पळाला, सापडत नाही." प्रश्न दरवर्षी तेच, त्यामागच्या चुकाही त्याच. आवाजाची भीती ही खोड समजून ती मोडायला निघतात, तिथूनच सगळं बिघडतं.

बांधून ठेवणं

सगळ्यात वाईट चूक ही, म्हणून आधी हीच. "पळू नये म्हणून बांधला" असं प्रत्येक जण सांगतो. घाबरलेल्या जनावराला दोनच गोष्टी सुचतात, पळणं किंवा लपणं. साखळी दोन्ही वाटा बंद करते.

यावल तालुक्यातल्या एका मळ्यात मोती नावाचा धिप्पाड गावठी कुत्रा आहे. दिवसभर मोकळा फिरायचा आणि रात्री राखणीसाठी गोठ्यात, पत्र्याखाली, लोखंडी अँगलला बांधलेला असायचा. मृग लागायच्या आधी एका रात्री गारपीट झाली. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा खाली उभं राहून शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. सकाळी मला बोलावलं तेव्हा मोतीने अँगलभोवती इतक्या फेऱ्या घातल्या होत्या की साखळी जेमतेम वीतभर उरली होती आणि त्याचं डोकं लोखंडाला टेकलं होतं. पट्टा मानेत रुतून कातडी सोललेली. साखळी चावून पुढचे दात तुटलेले. जमीन उकरून नखं रक्ताळलेली. गाठ सुटेना, शेवटी साखळी कापावी लागली.

मळ्याच्या मालकांना म्हटलं, "नाना, पावसाळी रात्री याला बांधू नका."

"मंग राखन कोन करी?"

राखण तो त्या रात्रीही करत नव्हता. जीव वाचवायची धडपड करत होता. नानांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. मळ्यात जुनी धाब्याची खोली होती, पोती ठेवायची. जाड मातीच्या धाब्याखाली गारांचा ताशा ऐकू येत नाही. खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवून आत मोतीचं पोतं टाकलं. जखमा पोळ्यापर्यंत भरल्या. भीती त्याहून जास्त टिकली, आभाळ नुसतं भरून आलं तरी तो लाळ गाळायचा. आता वारा फिरला की तो आपणहून त्या खोलीत जातो आणि पाऊस ओसरला की बाहेर येतो. राखण चालूच आहे.

घरातही हेच करा. आतली खोली, बंद खिडकी, जाड पडदा म्हणजे विजेचा लखलखाट दिसणार नाही. कूलर चालू ठेवा, त्याच्या घरघरीत लांबचा गडगडाट बराच बुडतो. खोलीचं दार मात्र उघडं, कारण कोंडलेला कुत्रा दारच फोडायला बघतो. पलंगाखाली गेला असेल तर तिथेच राहू द्या. पाय धरून बाहेर ओढू नका, चावेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

"सवय व्हई जाई"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. पिल्लू फटाक्याला घाबरतं, म्हणून मुद्दाम त्याच्याजवळ सुतळी बॉम्ब लावायचा. कुत्र्याला वरातीत डीजेच्या पुढ्यात धरून ठेवायचं. रानडुकरं हाकलायला कार्बाइडची बंदूक उडवताना त्याला शेजारी उभं करायचं. कुत्रा शेवटी गप्प पडतो आणि मालक खूश होतो. तो गप्प पडतो कारण त्याला सुटकेची आशा उरलेली नसते. नीट पाहिलंत तर शेपटी पोटात, डोळे ताणलेले, अंग ताठ. पुढच्या वेळी तो आधीपेक्षा लवकर घाबरतो.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला ऐकूही येत नाहीत असे वरच्या पट्टीतले आवाज तो टिपतो. त्याला तुमच्या मापाने मोजू नका.

सवय लावायची खरी पद्धत आहे, पण ती संथ आहे. गडगडाटाचं रेकॉर्डिंग इतक्या बारीक आवाजात लावायचं की कुत्र्याचा कान हलेल, पण तोंडातला घास थांबणार नाही. आवाज चालू असताना उकडलेल्या चिकनचे तुकडे, आवाज बंद की चिकनही बंद. चार-पाच मिनिटं, बस. काही दिवस तो निवांत राहिला तर आवाज एक काडी वाढवायचा. घास सोडला की मागे यायचं. यात महिने जातात. पण लोक तिसऱ्याच दिवशी आवाज दुप्पट करतात आणि "तुमची पद्धत चालत नाही" म्हणून मलाच ऐकवतात. ज्यांना चार दिवसांत निकाल हवा आहे त्यांनी यात हातच घालू नये, कुत्रा अर्धवट शिकवणीने जास्त बिघडतो.

मोबाईलच्या स्पीकरमधून गडगडाटाचा घुमणारा खर्ज येत नाही, मोठा स्पीकर घ्या. तरीही वारा, लखलखाट, हवेच्या दाबातला बदल हे रेकॉर्डिंगमध्ये नसतं, त्यामुळे सगळी भीती एवढ्याने जाईल असं समजू नका. आणि हे काम पावसाच्या तोंडावर काढू नका. दिवाळीचे फटाके आणि हस्ताचा परतीचा पाऊस मागे पडले की थंडीत सुरुवात करा. अवकाळी आलाच तर त्या आठवड्यात सराव बंद.

खऱ्या वादळातही कुत्रा खात असेल तर एक करता येतं. गडगडलं की लगेच तुकडा. आधी नाही. आधी दिलात तर चिकन म्हणजे पुढच्या कडकडाटाची सूचना असं त्याच्या डोक्यात बसतं. खात नसेल तर तोंडात कोंबू नका, नुसते जवळ बसा.

जवळ घेतल्याने भित्रा होतो हा समज

चूक. भीती ही भावना आहे, कुरवाळल्याने ती वाढत नाही. येऊन चिकटला तर हात फिरवा. दूर जाऊन बसला तर पाठलाग करू नका. ओरडणं आणि मारणं यावर मला काही लिहायची इच्छा नाही, ते करायचंच नाही.

घरातली झोपेची गोळी देणं

आजीची गोळी अर्धी करून देणारे दर दिवाळीला भेटतात. माणसाच्या मात्रेने कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय गुंगी आली म्हणजे भीती गेली असं नाही. एसीप्रोमाझिनसारख्या औषधाने अंग ढिलं पडतं, पण आवाज ऐकू येतच राहतो आणि भीती तशीच असते, फक्त पळता येत नाही. खरी भीती कमी करणारी औषधं पशुवैद्यकांकडे आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २०१५ मध्ये खास आवाजाच्या भीतीसाठी हिरडीला लावायच्या डेक्समेडेटोमिडिनच्या जेलला मान्यता दिली, इतका हा आजार खरा आहे. डॉक्टरांकडे मृगाच्या आधी जा. पहिला डोस शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे त्याला ते कसं मानवतं ते कळेल. गडगडाट सुरू झाल्यावर धावपळ केली तर औषध चढेपर्यंत पाऊस संपलेला असतो.

धापेला ऊन समजणं

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर गेला की कुत्रा धापणारच. पण संध्याकाळी हवा गार झाली, वारा सुटला आणि धाप उलट वाढली, सोबत जांभया, ओठ चाटणं, येरझारा सुरू झाल्या, तर ती भीती आहे. अशा वेळी त्याच्यावर पाण्याची बादली ओतू नका.

म्हातारा कुत्रा अचानक घाबरायला लागला तर

आधी सांधे आणि पाठ तपासून घ्या. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये आवाजाची भीती आणि अंगातलं दुखणं यांचा संबंध मांडला. आवाजाने दचकून अंग आखडतं, दुखरी जागा आणखी दुखते आणि दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात जोडल्या जातात. इथे आधी दुखण्यावर उपचार, सराव नंतर.

संध्याकाळी आभाळ भरलं असताना फिरायला नेणं

नेऊ नका. चारच्या आत उरका, ऊन जास्त असेल तर सकाळी लांब फिरवा. वरात निघायची असेल तेव्हाही तेच. दचकलेला कुत्रा पट्ट्यातून मान काढून सुटतो आणि महामार्ग ५३ च्या कडेला राहणाऱ्यांना त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. या दिवसांत नुसत्या गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा आणि गळपट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर पक्क्या शाईने लिहा. पुसट झाला की पुन्हा लिहा.