धर्म आणि जेंडरवर प्रोजेक्ट करताय? मग आधी हे वाचा

एमएच्या प्रोजेक्टला हा विषय घेताय ना, तर पहिली गोष्ट, 'धर्म आणि स्त्रीचं स्थान' असलं टायटल अजिबात देऊ नका, गाइड वैतागतीलच पण तुम्हालाही चौथ्या पानानंतर काय लिहायचं ते कळणार नाही. मी तेच केलं होतं, चार महिने नुसते मनुस्मृतीचे श्लोक उतरवत बसले.

एक जागा धरा नाहीतर एक रीत धरा. शनी शिंगणापूरचा चौथराच घ्या, तिथे बायकांना चढायला बंदी होती. नोव्हेंबर २०१५ ला एक बाई वर चढली, लगेच दुधाचा अभिषेक करून शुद्धीकरण झालं, जानेवारीत बायकांचा मोर्चा वाटेत अडवला, मग १ एप्रिल २०१६ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की देवळात जाणं हा बायकांचा मूलभूत हक्क आहे, आणि ८ एप्रिलला, नेमका पाडवा होता, ट्रस्टने चौथरा खुला केला. सहा महिन्यांत एवढं सगळं. आता त्यात एकच छोटा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ त्या दुधाने नक्की काय धुतलं गेलं?

आणि 'ही परंपरा आहे' असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कधीपासून? हाजी अली दर्ग्यात बायका थेट मजारीपर्यंत जायच्या, बंदी आली २०१२ च्या आसपास, आणि कोर्टात मात्र ती धर्माचा अविभाज्य भाग म्हणून मांडली गेली! हायकोर्टाने ऑगस्ट २०१६ ला ती उठवली. हे निकाल बातमीत वाचून भागवू नका, मूळ काढून वाचा, लांब असतात पण दोन्ही बाजूंचं म्हणणं आयतं मिळतं. केरळच्या शबरीमला मंदिरात सगळ्या वयाच्या बायकांना प्रवेश देणारा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल तर वाचाच, ४ विरुद्ध १, आणि विरोधात गेलेल्या एकट्या न्यायमूर्ती म्हणजे इंदू मल्होत्रा, बेंचवरची एकमेव बाई. हे वाचलं की 'बाई विरुद्ध धर्म' ही सोपी मांडणी आपोआप गळून पडते.

जुनं मटेरियल हवं तर संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांचे विटाळावरचे अभंग बघा, आणि हेमा राईरकर आणि सहकाऱ्यांनी गावोगावी जमवलेल्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यातल्या कितीतरी पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर फुकट ऐकता येतात. मुंबईत असाल तर एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासूनचं आहे, तिथे एक चक्कर मारा.

आता मुलाखती, खरी गंमत इथेच. प्रश्नावलीत मी लिहिलं होतं, 'मासिक पाळीच्या काळात आपण धार्मिक निर्बंध पाळता का?' पहिल्याच काकू म्हणाल्या, "छे गं, आम्ही नाही पाळत काही." दहा मिनिटांनी कांदा चिरता चिरता, "फक्त देवघरात जात नाही, आणि गौरीत अडचण यायला नको म्हणून गोळ्या घेते, बास." म्हणजे त्यांच्या लेखी हे पाळणं नव्हतंच! तेव्हापासून मी प्रश्नावली घरीच ठेवली. 'कावळा शिवला', 'बाहेरची', 'अडचण', समोरची बाई जो शब्द वापरेल तोच आपण वापरायचा, आणि पाळता का असं न विचारता गेल्या गौरीत काय काय केलं ते क्रमाने सांगायला लावायचं. सासूसमोर बसून तर मुळीच विचारू नका, सूनबाई फक्त मान हलवतात.

पुरुषांनाही विचारा हं, जेंडर म्हणजे फक्त बायका नव्हे, सोवळं नेसून पूजेला बसणाऱ्या काकांकडेही सांगण्यासारखं बरंच असतं.

शेवटचं, रेकॉर्डर बंद केल्यावर चहा पिताना बायका खरं बोलायला लागतात. ते घरी येऊन लिहून ठेवा पण वापरायच्या आधी परत फोन करून विचारा. माझ्या तिघींनी हो म्हटलं, एकीने नको म्हटलं, आणि नेमकं तिचंच सगळ्यात भारी होतं. ते पान वहीतच आहे अजून.