रात्रीत उतरणाऱ्या बॅटरीची तपासणी करण्यापूर्वी

संध्याकाळी नीट चाललेली गाडी सकाळी सेल्फ मारताच नुसती ‘टक’ करून गप्प बसू लागली की आपल्याकडे बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. तसे करण्यापूर्वी दोन रात्री आणि सुट्टीची एक सकाळ तपासणीसाठी राखून ठेवावी; कारण दोष बॅटरीत आहे की गाडीच्या वायरिंगमध्ये, हे ठरल्याशिवाय केलेला खर्च महिनाभरात पुन्हा करावा लागू शकतो.

साहित्य फारसे लागत नाही. १० अँपिअरचे वेगळे छिद्र असलेला डिजिटल मल्टिमीटर, टर्मिनलच्या नटाचा पाना (बहुतेक गाड्यांना १० नंबरचा लागतो), फ्यूज ओढण्याचा चिमटा, एक स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि कागद-पेन एवढे जवळ ठेवावे. फ्यूजचा तक्ता बॉक्सच्या झाकणामागे किंवा मॅन्युअलमध्ये असतो. त्याचा मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवावा. हातातली अंगठी आणि कडे मात्र काम सुरू करण्यापूर्वी काढावे, कारण पाना आणि अंगठी मिळून पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला टेकले तर बोट भाजते.

पहिल्या रात्रीपूर्वी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. सांगलीत विश्रामबागहून गणपती पेठेत जाऊन भाजी घेऊन परत आल्याने बॅटरी भरत नाही. सेल्फने घेतलेला करंटही एवढ्या फेरीत कधी कधी पुरता भरून निघत नाही, आणि रोजचा वापर तेवढाच असेल तर गळती (बंद गाडीतही कुठेतरी करंट जात राहणे) नसतानाही बॅटरी हळूहळू खाली येते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असल्यास खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने तो धुऊन कोरडा करावा. मग रात्री निगेटिव्ह केबल काढून बाजूला ठेवावी, व्होल्टेज लिहावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. भरलेली, निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उरली. केबल सुटी असतानाही आकडा एवढा घसरला, तर दोष बॅटरीचाच आहे आणि पुढची सगळी खटपट वाचली. आकडा टिकला तर दुसऱ्या रात्री केबल जोडून हेच मोजमाप पुन्हा करावे; आता तो घसरला तर गळती गाडीत आहे.

गळती मोजण्याच्या सकाळी खरी कसोटी धीराची असते. ड्रायव्हरकडची काच खाली घेऊन ठेवावी, दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटते आणि आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचतो. बॉनेटच्या कडीला स्विच असल्यास तिलाही असेच फसवावे, आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली घरात दूर ठेवावी. मीटरची एक पिन निगेटिव्ह केबलच्या पकडीला आणि दुसरी बॅटरीच्या खुंटाला आधी टेकवून मगच पकड उचलावी, म्हणजे जोडणी तुटत नाही. सुरुवातीला एखाद-दोन अँपिअर दिसले तरी घाबरू नये. गाडीतील कंट्रोल युनिट (छोटे संगणक) झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. त्यानंतर आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये; मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा खाली येत नसेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा आणि कोणत्या फ्यूजला तो कोसळतो ते लिहावे. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम आणि ट्रॅकर यांच्यावर पहिला संशय घ्यावा. सांगलीत जुनी घेतलेली गाडी असेल तर २०१९ च्या महापुरात ती पाण्यात होती का हे विचारावे, आणि उत्तर काहीही मिळाले तरी सीटखालचे कार्पेट उचलून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का ते पाहावे. एकाही फ्यूजने फरक पडत नसेल, तर रात्रभर थंड झालेल्या गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राला) हात लावावा. तो कोमट लागला तर त्याच्या डायोडमधून करंट परत जात असण्याची शक्यता मोठी आहे.

माझ्या गाडीत दोष डिकीच्या दिव्यात निघाला. डिकीत मोबाइल व्हिडिओवर ठेवून झाकण लावले, आणि पाहिले तर चित्रीकरणात स्टेपनीचा नट अन् नट स्पष्ट दिसत होता. पण हिशेब जुळेना. ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे १० तासांत ४ अँपिअर-तास, आणि ३५ अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी एवढ्याने बसत नाही. चार उन्हाळे काढलेली माझी बॅटरी आधीच थकलेली होती. दिव्याने फक्त ते उघडे पाडले. म्हणून मोजलेला करंट गाडी उभी असलेल्या तासांनी गुणून पाहावा, आणि तो गुणाकार बॅटरीच्या क्षमतेच्या तुलनेत किरकोळ निघाला तर गळती दुरुस्त करूनही बॅटरी लोड टेस्टला (भार देऊन ती किती तग धरते ते पाहायला) न्यावी. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना दोन्ही रात्रींचे व्होल्टेज, झोपल्यानंतरचा करंट आणि फ्यूजचा क्रमांक लिहिलेला तो कागद बरोबर असावा.