फैसल शिकवायचा तर 1920 वर थांबा

स्पर्धा परीक्षेचे पोट्टे अभ्यासिकेत इराकचा पहिला राजा फैसल याच्यापाशी आले की लगेच लॉरेन्सवर, म्हणजे अरब उठावात त्याच्यासोबत असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यावर, घसरतात. उंटावरचा गोरा माणूस कोणाला आवडत नाही! त्याला पहिली दहा मिनिटं आत येऊच देऊ नका.

फळ्यावर चार ठिकाणं मांडा : मक्का, दमास्कस, बगदाद आणि वर इस्तंबूल. मक्केचे शरीफ हुसेन यांचा हा तिसरा मुलगा इस्तंबूलमध्ये वाढला आणि 1913 मध्ये जेद्दाचा प्रतिनिधी म्हणून उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या संसदेत गेला. हे आधी सांगितलं की 'वाळवंटातला टोळीवाला' डोक्यातून निघतो. 1916 चा तुर्कांविरुद्धचा अरब उठाव, 1917 ला अकाबा बंदर अन् ऑक्टोबर 1918 ला दमास्कस ताब्यात, हे भरभर लिहून टाका.

मग 1920 च्या तारखा एकाखाली एक लिहा. 8 मार्च : दमास्कसमध्ये सीरियाचा राजा. एप्रिल : सॅन रेमोला दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत सीरिया फ्रान्सच्या पदरात. 24 जुलै : दमास्कसजवळ फ्रेंचांशी मायसलूनची लढाई. फैसलचा युद्धमंत्री युसूफ अल-अझमा स्वतः मैदानात उतरला आणि तिथेच पडला, फैसलला देश सोडावा लागला. मधले महिने पोरांनाच मोजू द्या. सायक्स-पिको करार, म्हणजे उस्मानी अरब मुलूख आपसात वाटून घ्यायचा इंग्रज-फ्रेंचांचा 1916 चा गुप्त करार, आता काढायचा. आधी काढला तर तो नुसता पाठ होतो.

पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याला इराकच्या गादीवर बसवलं. 23 ऑगस्ट 1921 ला बगदादमधल्या राज्याभिषेकात वाजलं ब्रिटनचं राष्ट्रगीत. इराकला स्वतःचं नव्हतंच. इथे पोट्टे हसतात. हसू द्या, मग सीताबर्डीच्या किल्ल्याकडे बोट दाखवा. 1817 च्या लढाईनंतर गादीवर भोसले अन् कारभार रेसिडेंट जेंकिन्सचा, हे नागपूरकराला फोड करून सांगावं लागत नाही. फरकही तिथल्या तिथे सांगा : नागपूरचं राज्य खालसा झालं, इराक मात्र 3 ऑक्टोबर 1932 ला राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्स) सदस्य झाला. त्याच वर्षी दिनार आला. तोवर बगदादच्या बाजारात आपला रुपया चालायचा. ही गोष्ट सांगायला विसरू नका, वर्ग जागा होतो.

8 सप्टेंबर 1933, बर्न, मृत्यू. गादीवर मुलगा गाझी. एका ओळीत उरका.

घरी एकच प्रश्न द्या : 1930 च्या इंग्रज-इराक करारात इराकमधले हवाई तळ इंग्रजांकडेच राहणार होते, तरी फैसलने तो का मान्य केला? उत्तरात मायसलून नसेल तर वही परत करा.