ऑर्लँडोला गाडी भाड्याने घ्यावी का?

ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्याच हॉटेलात उतरणार असाल, तर आठवडाभरासाठी घेतलेली गाडी बहुतेक वेळ नुसती उभी राहते. चारही पार्कांपर्यंत जायची फुकट सोय असते. शिवाय त्यातल्या मॅजिक किंगडम पार्कला गाडी नेली तरी थेट दारात पोचता येत नाही. आधी गाडी लावा, मग मोनोरेल किंवा फेरीबोट पकडा. रात्री झोपलेलं पोर खांद्यावर टाकून हाच प्रवास उलटा करायचा असतो, हे आधी कोणी सांगत नाही!

विमानतळावरून हॉटेलला नेणारी डिस्नेची मोफत बस मात्र २०२२ पासून बंद आहे. तो टॅक्सीखर्च हिशेबात धरा.

मुक्काम बाहेर असेल, तासाभरावरचं केनेडी स्पेस सेंटर बघायचं असेल किंवा आजी-आजोबांसाठी डाळ-तांदूळ आणायचे असतील, तर गाडी सोयीची. तीही त्या एक-दोन दिवसांपुरतीच घ्या. भाड्यात विमा, टोल, पार्किंग मिळवूनच टॅक्सीशी तुलना करा. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो. घरचा अमेरिकेत मान्य असेल तर तोच नेलेला बरा, त्याचं भाडंही बरंच होतं.