शब्द पाठ करायला देण्याआधी त्याची पातळी बघा

घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, पुस्तकात इंग्रजी अशी पोरं सोलापुरात घरोघरी आहेत. त्यांच्यापुढे शब्दांची लांबलचक यादी टाकू नका, फार अन्याय होतो.

केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या मोफत ऑनलाइन कोशांत बऱ्याच इंग्रजी शब्दांपुढे ए१, बी२ अशी खूण असते. भाषा किती येते हे मोजायला युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या या पातळ्या, सगळ्यात सोपी ए१ ते सगळ्यात अवघड सी२ अशा सहा. शिकणाऱ्यांसाठीच्या अनेक गोष्टींच्या पुस्तकांवरही त्याच छापलेल्या असतात, त्यामुळे कोश आणि पुस्तक एकाच मापाने जोडता येतात.

धडा वाचताना अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी पातळी लिहा. मूल ए२ला असेल तर ए२ आणि बी१चे शब्द वहीत उतरवून घ्या. सी१चा अर्थ तोंडी सांगा, पुढे चला. पानभर वरच्याच खुणा दिसल्या तर पुस्तक बदला, मुलाला बोल लावू नका.

केंब्रिजमध्ये खूण अर्थागणिक बदलते, हे मात्र नीट बघा. 'रन' म्हणजे धावणे अगदी सुरुवातीला येतं, दुकान चालवणे या अर्थाने वरच्या पातळीवर. धड्यातला अर्थ शोधूनच खूण घ्या. खूण नाही म्हणजे शब्द अवघड, असंही नाही.

मराठी शिकणाऱ्या तेलुगूभाषक मुलांसाठी अशा खुणांचा कोश सहसा हाती लागत नाही. तिथे बालभारतीची पुस्तकं धरा: शब्द पहिल्यांदा कोणत्या इयत्तेत भेटला, तो आकडा वहीत शब्दापुढे लिहा.