तळं वाचवायचं तर आधी टाकीचं झाकण उघडा

तळ्याकाठच्या घरमालकांची संस्था स्थापन झाली की पहिल्याच सभेत कुणीतरी हमखास उठतं आणि म्हणतं, "आधी ते पाण्यातलं गवत काढून टाकू या." सगळ्यांच्या माना डोलतात, कारण गवत डोळ्यांना दिसतं. पोहायला उतरलं की ते पायाला गुंडाळतं, होडीच्या पंख्यात अडकतं. आमच्या सभेत मीही मान डोलावली होती. पहिल्या वर्षाची जवळजवळ सगळी वर्गणी आम्ही तणनाशकात घातली. गवत मेलं, तळाशी कुजलं, आणि त्याच मोसमात सगळं तळं शेवाळाने रंगाच्या डब्यासारखं हिरवंगार होऊन बसलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तळं बिघडत होतं काठावरच्या आमच्या घरांमुळे आणि पैसे आम्ही ओतत होतो पाण्यात.

नोंदणी, घटना, बँकेतलं खातं, कार्यकारिणी हे सगळं तुम्ही केलेलं आहे असं धरून चालतो. त्यात एवढंच सांगेन की वर्गणी दर घरामागे ठेवा, किनाऱ्याच्या लांबीवर ठेवू नका, नाहीतर दोन वर्षं टेप घेऊन भांडण्यात जातील. आणि ज्यांच्या अंगणाला पाणी लागत नाही त्या मागच्या रांगेतल्या घरांनाही सभासद करून घ्या. त्यांच्या उतारावरचं पाणीही शेवटी तुमच्याच तळ्यात येतं.

पायरी १ : मोजायला सुरुवात करा

कसलाही उपाय करण्याआधी एक पूर्ण मोसम नुसतं मोजा. साधन अगदी स्वस्त आहे: सेक्की तबकडी. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला अशी तबकडी वापरली. तळ्यांसाठी आज वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले असतात. खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. तळ्याच्या सगळ्यात खोल जागी होडी नांगरायची, होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडायची आणि दिसेनाशी झाली की खूण वाचायची. मग हळूहळू वर ओढायची आणि पुन्हा दिसली की तीही खूण वाचायची. दोन्हींची सरासरी हे तुमचं माप. वेळ दुपारची, जागा दर वेळी तीच, आणि गॉगल काढून. आमचे एक सभासद दोन महिने गॉगल लावून मापं घेत होते. त्या वहीची पानं आम्ही फाडली नाहीत, नुसती काट मारली. तुम्हीही फाडू नका.

जमलं तर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत देऊन एकूण फॉस्फरस तपासून घ्या. बाकीच्या वीस चाचण्यांची यादी कुणी पुढे केली तर ती बाजूला ठेवा.

फॉस्फरसच का, हे सभेत कुणीतरी विचारणारच, तेव्हा हे उत्तर तयार ठेवा. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी २२६ क्रमांकाच्या एका छोट्या तळ्याच्या अरुंद कमरेत पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नायट्रोजन आणि कार्बन घातला, पण फॉस्फरस फक्त एकात. तोच भाग निळ्या-हिरव्या शेवाळाने भरून गेला आणि दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला त्या तळ्याचा फोटो प्रसिद्ध आहे. मी तो सभेत दाखवतो, त्यानंतर फारसं बोलावं लागत नाही. एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ वाढू शकतं असा ठोकताळा आहे. आता हा फॉस्फरस येतो कुठून ते बघा: लॉनवरचं खत, पावसाबरोबर वाहून येणारी माती आणि सेप्टिक टँक.

पायरी २ : सेप्टिक टँक

इथे माझी दोन वर्षं गेली, म्हणून इथे थांबून सांगतो.

तळ्याकाठची बरीच घरं मुळात सुट्टीपुरती बांधलेली असतात. दोन माणसं, महिन्यातून दोन दिवस, त्या हिशेबाने टाकी बसवलेली. पुढे घरमालक निवृत्त होतात, कायमचे राहायला येतात, वॉशिंग मशीन येतं, नातवंडं येतात, आणि टाकी तीच राहते. टाकीत गाळ तळाला बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर जाऊन जमिनीत जिरतं. माती त्यातला बराच फॉस्फरस धरून ठेवते, पण तिची धरून ठेवण्याची ताकद कधीतरी संपते. रेताड जमीन असेल, भूजल वर असेल आणि घर काठाला चिकटून असेल तर फारच लवकर संपते. वर काहीच दिसत नाही. ना वास, ना तुंबणं. म्हणून प्रत्येक जण शपथेवर सांगतो की आमची टाकी उत्तम चालते.

मी तेव्हा सचिव होतो आणि मला वाटलं, पुरावा समोर ठेवला की लोक ऐकतील. आम्ही रंगाची चाचणी केली. संडासात चमकदार रंग टाकायचा, पाणी सोडायचं आणि पुढचे काही दिवस किनाऱ्यावर रंग दिसतो का ते बघायचं. दोन घरांपुढे दिसला. मी ते घरक्रमांक वार्षिक सभेत वाचून दाखवले. त्या संध्याकाळचं इतिवृत्त अजून माझ्याकडे आहे. त्यात "चर्चा झाली" एवढंच लिहिलंय. प्रत्यक्षात एक गृहस्थ खुर्ची सरकवून उठले आणि जाताना म्हणाले, "माझ्या संडासात डोकावायला मी वर्गणी भरत नाही." ते गेले, त्यांच्या मागून त्यांचे शेजारी गेले आणि पुढच्या दोन सभांना कोरम भरला नाही.

चूक नुसती वागण्यातली नव्हती. ती चाचणीच चुकीची होती. रंग दिसला तर गळती नक्की, पण दिसला नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही. जमिनीतून महिनोन्‌महिने झिरपत जाणारा फॉस्फरस ती पकडूच शकत नाही. म्हणजे दोन घरांची अब्रू गेली आणि बाकीच्या सगळ्यांना फुकटचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी रंगाच्या चाचणीची मोहीम काढू म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

मग जे जमलं ते असं. मी माझ्या स्वतःच्या टाकीचं झाकण उघडायचं ठरवलं आणि ज्याला बघायचंय त्याने या असं सांगितलं. सात-आठ जण आले, बहुतेक मजा बघायला. टाकी उपसणाऱ्या गाडीवाल्याने झाकण सरकवलं. एका लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळून ती आम्ही तळापर्यंत उभी सोडली, काही मिनिटं धरली आणि सावकाश बाहेर काढली. टॉवेलवर काळा गाळ जिथपर्यंत चिकटलेला तितका गाळाचा थर. वरचा तरंगता थर आणि हा गाळ मिळून टाकीच्या एक तृतीयांशाला पोचले की उपसायची वेळ झाली. माझ्या टाकीत नुसता गाळच निम्म्याच्या वर होता. संस्थेचा सचिव, आणि अकरा वर्षं टाकी उपसलेली नाही! लोक पोट धरून हसले. पण निघताना तिघांनी हळूच विचारलं, "गाडी आलीच आहे, तर आमचीही बघता येईल का?"

तेव्हापासून पद्धत ठरून गेली आहे. वर्षातून एक आठवडा उपशाचा. गाडी संस्था ठरवते. एका फेरीत बरीच घरं होतात, त्यामुळे प्रत्येकाला स्वस्त पडतं. सुरुवात नेहमी कार्यकारिणीच्या घरांपासून. वहीत फक्त घर आणि तारीख लिहायची. कुणाच्या टाकीत काय निघालं ते लिहायचंही नाही आणि बोलायचंही नाही. सभेत आकडा एकच सांगायचा: एवढ्यांपैकी एवढी घरं झाली. बाकीचे आपोआप येतात, कारण उरलेल्या चारांत आपण आहोत हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. कायम राहत्या घराला तीन ते पाच वर्षांनी उपसा लागतो, पण काठीच्या मापावर विश्वास ठेवा, कॅलेंडरवर नको.

आता सल्ल्यांचा कचरा साफ करतो. टाकीत टाकायच्या जिवाणूंच्या पावडरी उपशाला पर्याय नाहीत. विकणारा काहीही म्हणो, गाळ कुठेही गायब होत नाही. पाणी जिरायच्या जागेवर गाडी उभी करू नका, झाडं लावू नका. आणि झाकण उघडून आत वाकून बघू नका, उतरणं तर दूरच. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. काठी लांब घ्या, सोबत माणूस ठेवा, मुलांना घरात ठेवा आणि झाकण पक्कं बसल्याशिवाय तिथून हलू नका.

पायरी ३ : काठ

पाण्यापर्यंत कापलेलं लॉन म्हणजे खताला आणि मातीला घातलेली घसरगुंडी. पाण्यालगत निदान दहा मीटरचा पट्टा कापायचा थांबवा, तिथे त्याच भागातली उंच गवतं आणि झुडपं वाढू द्या. होडीकडे जायला एक अरुंद वाट पुरते, तीही सरळ न ठेवता थोडी वळवा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून धावत सुटणार नाही. "गबाळं दिसतं" ही तक्रार येणारच. अशा वेळी मी बदकं आणि हंसांचा मुद्दा काढतो: त्यांना मोकळं, कापलेलं गवत आवडतं, उंच गवतातून चालत यायला ते बिचकतात. पट्टा वाढला की धक्क्यावरची विष्ठा कमी होते. फॉस्फरसने न पटलेली माणसं यावर पटलेली मी पाहिली आहेत.

पायरी ४ : उरलेलं

लॉनला फॉस्फरसविरहित खत, नाहीतर खतच नको.

बाहेरून येणारी प्रत्येक होडी पाण्यात घालण्याआधी साफ, आतलं पाणी काढलेली आणि कोरडी असावी. झेब्रा शिंपले (होड्यांना चिकटून पसरणारे छोटे पट्टेदार शिंपले) एकदा शिरले की पूर्ण हटवणं जवळजवळ अशक्य असतं.

उथळ भागात मोटरबोट हळू चालवा, तळाचा गाळ ढवळला की त्यातला फॉस्फरस पुन्हा वर येतो.

पाण्यातलं गवत आता काढा हवं तर, पण पोहण्याच्या आणि धक्क्याच्या जागेपुरतंच, आणि कापलेला प्रत्येक तुकडा बाहेर काढून. कित्येक जाती तुटलेल्या तुकड्यातूनच नव्याने रुजतात. कापून तरंगत सोडणं म्हणजे पेरणी. शेवाळावर मोरचूद (कॉपर सल्फेट) मारायचा सल्ला मिळेल. शेवाळ मरतं, त्यातली विषं पाण्यात उतरतात, तांबं तळाच्या गाळात साचत राहतं आणि फॉस्फरस होता तिथेच राहतो.

पायरी ५ : थांबा आणि मोजत राहा

पहिल्या उपशानंतर दोन-तीन वर्षं काहीच बदलणार नाही आणि सभेत तुमच्यावर ओरडा होईल. तळाशी साठलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपला की गाळातून सुटून पुन्हा पाण्यात येत राहतो, उथळ तळ्यांत तर फार काळ. तेव्हा अमेरिकेतल्या सिएटलच्या लेक वॉशिंग्टनचं उदाहरण द्या. तिथे सांडपाणी तळ्यात सोडणं टप्प्याटप्प्याने बंद करायला १९६३ ते १९६८ इतका काळ लागला, आणि एकेकाळी जेमतेम मीटरभर खोल दिसणारं पाणी पुढच्या वर्षांत कित्येक मीटर नितळ झालं. ते खोल तळं होतं, तुमचं उथळ असेल तर जास्त धीर धरावा लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगा.

वही आणि तबकडी एकाच माणसाकडे पाच वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका. देताना नव्या माणसाला एकदा होडीत सोबत घेऊन जा आणि त्याच्यासमोर दोरीच्या खुणा टेपने मोजून घ्या. ओली होऊन होऊन दोरी ताणते. आमची नऊ सेंटिमीटर लांबलेली निघाली, आणि ती कधीपासून लांबलेली होती हे आता कुणीच सांगू शकत नाही.